हौद्यातली रात्र

१९५७ च्या आधीचा कुठलाही नोव्हेंबर घ्या. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या खालच्या तुकड्याच्या उत्तर टोकाला, मॅकिनॉ सिटी नावाच्या छोट्याशा गावाबाहेर गाड्यांची रांग लागलेली असायची. शंभर-दोनशे गाड्यांची नव्हे, काही मैल लांब. गाड्यांच्या टपावर ताडपत्र्या, मागे बटाट्याची पोती, रॉकेलचे कंदील, ब्लँकेटं आणि बंदुका. समोर सामुद्रधुनी, पलीकडे जंगल, आणि मध्ये ने-आण करायला सरकारी फेरीबोटी. बोटीत मोजक्याच गाड्या मावायच्या. १५ नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीचा हंगाम उघडणार आणि त्याआधी पलीकडे पोचायचं, म्हणून डेट्रॉइट, फ्लिंटच्या कारखान्यांतले कामगार रात्र रात्र रांगेत काढायचे. झोपायचे अर्थात गाडीतच.

मिशिगनचा नकाशा पाहिला नसेल तर एक सांगायला हवं. या राज्याचे दोन तुकडे आहेत. खालचा हातमोज्यासारखा, त्यात कारखाने आणि बहुतेक माणसं. वरचा तुकडा लांबट, जंगलाचा, बर्फाचा, विरळ वस्तीचा. त्याचं नाव अप्पर पेनिन्सुला, आणि तिथले लोक त्याला ‘यूपी’ म्हणतात. (आपल्या यूपीशी काही संबंध नाही. आमच्या टीममध्ये एक मिशिगनचा सहकारी आहे. ‘पुढचा आठवडा यूपीत आहे’ असं त्यानं पहिल्यांदा लिहिलं, तेव्हा पुण्यातल्या चौघांनी त्याला ताजमहालाच्या टिप्स पाठवल्या होत्या.)

१ नोव्हेंबर १९५७ ला या सामुद्रधुनीवरचा पाच मैलांचा पूल वाहतुकीला उघडला. हंगामाच्या बरोब्बर दोन आठवडे आधी. ती रांग संपली. पण गाडीत झोपायची सवय संपली नाही, आणि मला तिचाच इतिहास सांगायचा आहे. कारण पिकअपच्या हौद्यात गादी टाकून झोपणं म्हणजे नुसती काटकसर नव्हती. जंगलात रात्र काढायचा हक्क कोणाचा, या भांडणात साध्या माणसाच्या हाती आलेलं ते हत्यार होतं. बंदुकीपेक्षा मोठं.

*

आधी ते जंगल साध्या माणसासाठी मोकळं कसं झालं ते पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकूड कंपन्यांनी मिशिगनची पाइन वृक्षांची जंगलं जवळपास साफ केली. मागे उरली खुंटं, वाळलेला पाला आणि त्यातून पेटलेले वणवे. जमीन शेतीला निकस. काहींनी प्रयत्न केला, हरले, निघून गेले. कर भरायला कोणी उरलं नाही, तेव्हा करथकीत जमिनी राज्याच्या ताब्यात आल्या. कोणालाच नको असलेली जमीन सरकारच्या गळ्यात पडली आणि त्यातून पुढे सार्वजनिक जंगल तयार झालं. मिशिगनच्या सरकारी जंगलाचा मोठा भाग असा ‘नको’ म्हणून मिळालेला आहे. मग त्या खुंटांमधून कोवळी झाडं उगवली, आणि कोवळा पाला म्हणजे हरणाचं जेवण. ज्या तोडीनं जंगल संपवलं तिनंच काही दशकांनी हरणांची संख्या वाढवली.

‘नको’ म्हणून मिळालेली असली तरी ती बेवारस नव्हती. लोअर मिशिगनचा वायव्य भाग आणि यूपीचा पूर्व भाग ओडावा आणि ओजिब्वे लोकांकडून १८३६ च्या तहानं घेतला गेला. त्या तहात त्यांनी शिकारीचा हक्क राखून ठेवला होता. पुढे राज्यानं तो मोडीत काढल्यासारखंच वागवलं. कोर्टकचेऱ्या होत होत २००७ मध्ये राज्य आणि पाच आदिवासी राष्ट्रांमध्ये करार होऊन तो हक्क पुन्हा लेखी मान्य झाला. मध्ये १७० वर्षं गेली. तेव्हा ‘सर्वांचं जंगल’ हा शब्द वापरताना जरा जपून.

हरणाच्या शिकारीसाठी आधी लोक रेल्वेनं यायचे. स्टेशनवर उतरायचं, लाकूडतोड्यांच्या रिकाम्या खोपटात किंवा तंबूत राहायचं आणि हरणं मालडब्यातून घरी न्यायची. रेल्वे जिथे थांबते तिथेच तळ. पैसेवाल्यांनी वेगळी सोय केली होती. १८९० च्या आसपास यूपीच्या उत्तर किनाऱ्यावर ‘ह्युरॉन माउंटन क्लब’ उभा राहिला. हजारो एकर खाजगी जंगल, तळी, लाकडी बंगले आणि निवडक सभासद. हा क्लब लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

*

मग फोर्ड आला.

१९०८ ची मॉडेल टी, १९१४ ची पाच डॉलर रोजंदारी, दरवर्षी उतरणारी किंमत, हे सगळं पाठ्यपुस्तकात आहे, त्यावर वेळ घालवत नाही. मला रस आहे तो फोर्डच्या सुट्टीत. १९१० च्या दशकाच्या मध्यापासून १९२४ पर्यंत हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन, टायरवाला हार्वी फायरस्टोन आणि, १९२१ मध्ये वारला तोवर, निसर्गलेखक जॉन बरोज हे बहुतेक उन्हाळ्यांत गाड्या घेऊन तंबूत राहायला जायचे. स्वतःला ‘भटके’ म्हणवायचे. भटक्यांबरोबर ट्रकवर बांधलेलं स्वयंपाकघर असायचं, आचारी असायचे, एडिसनच्या बॅटऱ्यांवर तंबूत दिवे लागायचे, आणि वार्ताहर मागे मागे फिरायचे. मार्केटिंगच म्हणा. पण वर्तमानपत्रात फोटो पाहणाऱ्या माणसाला त्यातून एक गोष्ट कळली: गाडी म्हणजे फिरतं घर होऊ शकतं.

१९१९ च्या अशाच एका सहलीला फोर्डनं एडवर्ड किंग्जफर्ड नावाच्या माणसाला बोलावलं. तो यूपीतल्या आयर्न माउंटन गावचा जमीन-दलाल, फोर्डच्या चुलतबहिणीचा नवरा. गाडीला तेव्हा लाकूड भरपूर लागायचं आणि फोर्डला जंगल विकत घ्यायचं होतं. सौदा झाला, आयर्न माउंटनला कारखाना उभा राहिला. लाकडाचा जो भुगा-तुकडा उरायचा त्याचे कोळशाचे ठोकळे करून फोर्डच्याच शोरूममध्ये विकायला ठेवले. आजही अमेरिकेत बार्बेक्यूला वापरला जाणारा ‘किंग्जफर्ड’ कोळसा तो हाच. पुढे फोर्डच्या लाकडी अंगाच्या स्टेशन वॅगन आल्या, त्यांचं लाकूड याच जंगलातलं. म्हणजे यूपीच्या झाडांची गाडी व्हायची, ती डेट्रॉइटला विकली जायची, आणि नोव्हेंबरमध्ये मागची सीट काढून, गादी घालून तीच गाडी यूपीच्या झाडांखाली परत यायची.

१९२५ मध्ये फोर्डनं कारखान्यातच हौदा बसवलेली पहिली पिकअप काढली, किंमत २८१ डॉलर. हौद्याची लांबी पाच फुटांपेक्षा कमी. त्यात झोपायचं तर पाय मुडपून नाहीतर फळकूट उघडं टाकून. तरी लोक झोपले. शेतकरी आदल्या दिवशी त्यातून दुधाचे कॅन न्यायचा, दुसऱ्या दिवशी पेंढा पसरून वर ताडपत्री बांधायचा आणि जंगलाकडे निघायचा.

तंबूचं काय वाईट होतं, असं कोणी विचारेल. उत्तर डेट्रॉइटच्या आर्थर शर्मननं दिलं. औषधाच्या कंपनीचा मालक, स्वतः जीवाणूतज्ज्ञ. त्यानं कुटुंबासाठी गाडीमागे ओढायचा तंबू-ट्रेलर घेतला. पावसात तो उभा करताना सगळे भिजले. चिडून त्यानं सुताराकडून सरळ एक लाकडी खोका बनवून घेतला, चाकांवरचा, कपाट आणि बाकांसकट. लोक विचारायला लागले, तेव्हा १९३० च्या डेट्रॉइट मोटार प्रदर्शनात तो खोका मांडला. त्याची ‘कव्हर्ड वॅगन’ कंपनी १९३६ पर्यंत देशातली सर्वांत मोठी ट्रेलर कंपनी झाली होती. त्याच काळात रॉजर बॅबसन नावाच्या अर्थतज्ज्ञानं भाकीत केलं होतं की वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील. स्टार्टअपवाल्यांची पिच डेक तेव्हाही होतीच, फक्त स्लाइड नव्हत्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर पिकअप लांब झाली. आठ फुटी हौदा मिळू लागला. चाकांवरच्या दोन फुगवट्यांमधली जागा चार फुटांहून थोडी जास्त, म्हणजे चार बाय आठचं प्लायवूड सपाट बसतं. ज्याच्या घरी करवत आहे तो एका रविवारी पलंग करू शकतो. मग पन्नास-साठच्या दशकात तयार खोकी आली, हौद्यात सरकवून बसवायची: आत स्टोव्ह, दोन पलंग, बर्फाची पेटी. साठच्या दशकात फोर्डनं ‘कॅम्पर स्पेशल’ नावानं खास त्यासाठी पिकअप विकली. हंगाम संपला की खोका उतरवून अंगणात ठेवायचा आणि सोमवारपासून त्याच गाडीतून कामावर.

कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९६० मध्ये अशाच एका पिकअपवरच्या खोक्यातून, चार्ली नावाचा कुत्रा घेऊन, अमेरिका फिरला. त्यानं बंदुका आणि मासेमारीचं सामान सोबत घेतलं होतं, आणि कारण मोठं गमतीचं आहे: माणूस उगाच फिरतोय म्हटलं की लोकांना संशय येतो, शिकारीला निघालाय म्हटलं की कोणी पुढचा प्रश्न विचारत नाही. मेन राज्यात ऐन शिकारीच्या दिवसांत पोचल्यावर मात्र कोणी चार्लीला हरीण समजून गोळी घालेल या भीतीनं त्यानं कुत्र्याच्या शेपटीला लाल टिश्यू पेपर बांधला.

*

आता प्रत्यक्ष रात्र. इंजिनिअर माणूस असल्यामुळे मला हा भाग सर्वांत आवडतो, त्यामुळे जरा लांबेल.

नोव्हेंबरच्या मध्यात यूपीत तापमान शून्याच्या आसपास आणि रात्री त्याच्या बरंच खाली जातं. सुपीरिअर सरोवरावरून येणारा वारा वाफ घेऊन येतो आणि जमिनीवर बर्फ टाकतो. अशात पत्र्याच्या डब्यात झोपलं की पहिला शत्रू थंडी नसते, स्वतःचा श्वास असतो. झोपलेला माणूस रात्रभरात पेलाभर पाणी हवेत सोडतो. दोघे असतील तर दोन पेले. ते पाणी गार पत्र्यावर जमतं, गोठतं, आणि सकाळी स्टोव्ह पेटवला की वितळून गादीवर टपटपतं. म्हणून जुने शिकारी कडाक्याच्या थंडीतही खिडकी बोटभर उघडी ठेवतात. नवखे सगळं घट्ट बंद करतात आणि ओले होतात.

बंद करण्यात याहून मोठा धोका आहे. बंद जागेत शेगडी जळत राहिली, हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपेतच जातो. शिकारी तळांवरचे हे मृत्यू बंदुकीच्या अपघातांइतके गाजत नाहीत, कारण त्यात आवाज होत नाही.

मग गॅस. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळपास उकळायचं थांबतं, म्हणजे सिलिंडर भरलेला असूनही शेगडी विझते. प्रोपेन मात्र उणे ४२ पर्यंत वायू होत राहतो, म्हणून अमेरिकन तळावर प्रोपेनच. मोठ्या आरव्हीत नळ, गीझर, संडास असतो, पण पाइप गोठून फुटतात. त्यामुळे पन्नास-साठ लाखांची गाडी घेऊन आलेला माणूसही थंडी वाढली की पाण्याची यंत्रणा रिकामी करतो, बादलीनं पाणी भरतो आणि रात्री फावडं घेऊन झाडामागे जातो. प्लायवूडवाल्यात आणि त्याच्यात तेवढ्यापुरती बरोबरी होते.

संध्याकाळी पाचलाच अंधार. म्हणजे तेरा-चौदा तास रात्र. चार-पाच गाड्या अर्धवर्तुळात लावून मध्ये शेकोटी, पत्त्यांचा ‘यूकर’ नावाचा डाव, आणि पेस्टी. ही पेस्टी इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधून तांब्याच्या खाणीत कामाला आलेल्यांनी यूपीत आणली. दिसायला अगदी आपली करंजी, पण वीतभर मोठी, आत मांस, बटाटा आणि सलगमासारखा एक कंद. ती इंजिनवर ठेवून गरम करणारेही आहेत. पहाटे चारला उठायचं, आणि गाडी तिथेच सोडून पायी निघायचं.

*

‘गाडी तिथेच सोडून’ यावर पुढचं सगळं भांडण आहे.

गाडी आली म्हणजे रस्ता आला. विसाव्या दशकात अमेरिकन जंगलांत रस्त्यांचं जाळं पसरू लागलं आणि सर्वांत आधी ओरडला तो एक शिकारीच होता. आल्डो लिओपोल्ड, वनखात्याचा अधिकारी. त्यानं १९२१ मध्ये लिहिलेल्या लेखात असं रान राखायची मागणी केली की जिथे घोड्यावर सामान लादून दोन आठवडे फिरता येईल आणि एकही रस्ता लागणार नाही. १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोत गिला इथे असं पहिलं क्षेत्र ठरलं. १९३५ मध्ये त्यानं आणि सोबत्यांनी ‘वाइल्डरनेस सोसायटी’ काढली ती मुख्यतः मोटारीच्या विरोधात. त्याच्या शेवटच्या पुस्तकात, शिकाऱ्यानं विकत घेतलेल्या उपकरणांनी डिकी आणि वर ट्रेलरही कसा भरतो, यावर तो चांगलाच तिरकस बोललाय. १९६४ च्या कायद्यानं अशा रानांत मोटार पूर्ण बंद झाली.

लिओपोल्डचं पटतं. पण दोन आठवडे घोड्यावरून फिरायला दोन आठवड्यांची सुट्टी लागते आणि घोडा लागतो. बफर लोडून आलेल्या फ्लिंटच्या कामगाराकडे शुक्रवार रात्र ते सोमवार पहाट एवढंच होतं. त्याला रस्ता हवा होता. रानाची शांतता आणि रानात सर्वांना प्रवेश, या दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत आणि त्या एकमेकींच्या आड येतात. या कोड्याला सोपं उत्तर मला तरी दिसत नाही.

ज्यानं रस्ते घरोघरी पोचवले त्या माणसाला मात्र स्वतःपुरतं उत्तर सापडलं होतं. विसाव्या दशकात यूपीत एम-३५ नावाचा राज्यमार्ग ह्युरॉन डोंगरांतून, त्या खाजगी क्लबच्या बाजूनं न्यायचं ठरलं होतं. क्लबवाल्यांना रस्ता नको होता: रस्ता आला की मॉडेल टी येणार, मॉडेल टी आली की तिच्यातून कोणीही उतरणार. हेन्री फोर्डला क्लबचं सभासदत्व हवं होतं आणि ते सहजी मिळत नव्हतं. त्यानं रस्त्याच्या वाटेतली जमीन विकत घेतली आणि रस्ता रोखायला हातभार लावला. १९२९ मध्ये तो सभासद झाला. एम-३५ चा तो तुकडा कधीच बांधला गेला नाही. आजही तिथे रस्ता नाही.

फोर्डला मी यासाठी खलनायक ठरवत नाही, कारण त्या डोंगरातलं जुनं जंगल त्यामुळेच वाचलं. पण कोट्यवधी लोकांना चाकं विकणाऱ्या माणसाला स्वतःच्या सुट्टीसाठी चाकं न पोचणारी जागा हवी होती, एवढं नोंदवून ठेवतो.

*

मराठीत ट्रकच्या मागच्या भागाला आपण हौदा म्हणतो. हत्तीच्या पाठीवर बसायचाही हौदाच. हा शब्दाचा योगायोग मला सोडवत नाही, कारण आपल्याकडे शिकार म्हटलं की तो दुसरा हौदा आठवतो. आणि हत्ती गेले तेव्हा त्यांच्या जागी मोटार आली तीही हौद्यासारखीच, वरून गोळी घालायला. कोट्याच्या महाराव उमेदसिंहांनी १९२५ ची रोल्स-रॉइस खास वाघाच्या शिकारीसाठी बनवून घेतली होती: सर्चलाइट, बंदुकांचे रॅक, मागे ओढायची छोटी तोफ. १९४७ च्या सुमारास आजच्या छत्तीसगडमधल्या कोरियाच्या राजानं रात्री गाडीतून जाताना दिव्यांच्या उजेडात तीन चित्ते मारले. भारतातले शेवटचे चित्ते म्हणून त्यांचीच नोंद सांगितली जाते.

आपल्याकडे गाडी शिकारीचं शस्त्र झाली, सामान्य माणसाची पथारी झाली नाही. रान राजाचं होतं, मग सरकारचं झालं. कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं दाजीपूरचं रान १९५८ मध्ये अभयारण्य झालं, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारच संपली. ती संपली हे उत्तमच झालं. आपल्या लोकसंख्येला आणि उरलेल्या जनावरांना दुसरा मार्ग नव्हता. पण राजाची शिकार ते पर्यटकाची सफारी या उडीत एक पायरी आपण पाहिलीच नाही: गिरणी कामगार चार मित्रांना घेऊन टेम्पोच्या हौद्यात सतरंजी टाकून सरकारी जंगलात, परवानगीनं, फुकट, रात्र काढतोय.

मिशिगनमध्ये ती पायरी टिकली ती नियमांमुळे. गाडी आणि बंदूक या दोन गोष्टी तिथला कायदा काटेकोरपणे वेगळ्या ठेवतो. गाडीत बंदूक भरलेली चालत नाही, रिकामी करून पेटीत हवी. कोरियाच्या राजानं केलं तसं दिवे मारून प्राणी शोधायला अख्खा नोव्हेंबर बंदी आहे. गाडीतून झोपा, गाडीतून मारू नका.

अलीकडे शिकाऱ्यांची संख्या घटते आहे, उरलेल्यांचं वय वाढतंय, आणि प्लायवूडच्या जागी हीटरवाल्या आरव्ही जास्त दिसतात. राज्याच्या जंगलात ठरलेल्या कॅम्पग्राउंडबाहेर तळ टाकायचा तर आजही एक नोंदणी-कार्ड भरावं लागतं. त्याला पैसे पडत नाहीत. नाव, पत्ता आणि तारखा लिहून ते आपल्या तळावर दिसेल असं लावायचं. जास्तीत जास्त पंधरा दिवस. कार्डावर गाडी कुठली आहे, किती लाखांची आहे, याला महत्त्व नाही.